समुद्राला दिलेला पैसा

टाकीच्या काचेवरचं शेवाळ चरणारा शंख सुटून वाळूत पडला. प्रीताने टाकीत हात घालून त्याला उचललं, काचेला टेकवून धरलं, जरा थांबून बोट काढलं. शंख पुन्हा पडला. काल एक असाच पडला होता, आणि आज सकाळी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी दगडाआड आडवी सापडली होती.

शुगर लँडमधल्या त्या घरात सोफ्याइतकी लांब काचेची टाकी होती आणि टाकीत समुद्र होता. खाऱ्या पाण्याचा, जिवंत प्रवाळांचा, प्रीताने आपल्या हाताने केलेला. लग्न होऊन ती टेक्सासला आली तेव्हा तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. नवरा, परीक्षित, मेक्सिकोच्या आखातातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर. दोन आठवडे पाण्यावर, दोन आठवडे घरी. रसायनशास्त्रात एमएस्सी झालेली मुलगी रिकाम्या घरात किती दिवस भिंती बघणार. तिने पाणी राखायला घेतलं. गॅरेजमधल्या पिंपात गाळून शुद्ध केलेलं पाणी, त्यात मापाने मीठ, लाटा करायला पंप, ऊन म्हणून निळा दिवा. पुढे परवानगी आली, नोकरी आली, पण पहाटे उठून आधी टाकीकडे बघायची सवय गेली नाही. देव्हाऱ्यात दिवा लावावा तशी ती टाकीचा दिवा लावायची.

टाकीच्या मधोमध वाळूवर बसलेलं एक प्रवाळ होतं. दुकानाच्या कोपऱ्यात, पांढरं पडून, मरायला ठेवलेलं ते प्रीताने उचलून आणलं होतं आणि वर्षभर ड्रॉपरने भरवून जगवलं होतं. आता त्याच्या हिरव्या-जांभळ्या निऱ्या दिवसा फुगून यायच्या, आणि पाण्याबरोबर रंग फिरायचा. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच त्याचं नाव ठेवलं: पैठणी.

आज पैठणी आवळून बसली होती. निऱ्यांमधून हाडासारखी पांढरी कड दिसत होती.

"मीठ कमी पडलं असेल," स्वयंपाकघरातून सुहासिनीबाई म्हणाल्या. त्या उन्हाळ्याला म्हणून श्रीवर्धनहून आल्या होत्या. "बाजारातल्या मिठाचा समुद्र तो. नागपूरकरांनी केलेला."

"मीठ बरोबर आहे, आई. सगळं चेक केलं."

"नागपूरला समुद्र नाही, म्हणून तू काचेत भरलास. आमच्याकडे दाराशी होता, आम्ही कधी मोजला नाही."

हे नेहमीचं होतं. प्रीता एरवी हसली असती. आज ती छोट्या काचनळ्यांमध्ये थेंब टाकत, रंग बघत बसली. खारेपणा ठीक, चुना ठीक, उष्णता ठीक. सगळं ठीक होतं आणि एकेक जीव मरत होता.

तिने थोडं पाणी काढून ताजं घातलं. दुपारपर्यंत आणखी दोन शंख पडले. मासे मात्र मजेत फिरत होते. नारिंगी जोडपं फुलांसारख्या हलत्या झुडपात अंग घासत होतं. मासे ठीक, आणि कोळंबी, शंख, प्रवाळ आजारी. हे कशाने होतं ते प्रीताने कुठेतरी वाचलं होतं, पण या घरात ते शक्य नव्हतं. पाण्याच्या वाटेवर धातूचा खिळासुद्धा तिने ठेवला नव्हता.

मग टाकीच्या मागची तार तपासायला ती वाकली, आणि तिला काचेच्या वरच्या पट्टीवर बोट दिसलं. कुंकवाचं. शेजारी हळदीचं.

"आई, इकडे येता?"

सुहासिनीबाई पदराला हात पुसत आल्या. कुंकू पाहून त्यांना काही वाटलं नाही. "पौर्णिमेचं आहे ते. नारळी पौर्णिमेचं."

"टाकीची पूजा केलीत?"

"समुद्राची केली. तू ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतीस, दार लावून. म्हटलं कशाला उठवा. नारळाचं पाणी चमचाभर, एक फूल, ते नंतर काढून घेतलं. आणि पैसा."

प्रीताचा हात काचेवरच राहिला. "कुठला पैसा?"

"भोकाचा. आईच्या बटव्यातला. पूर्वी तांब्याचे यायचे ना, मधे भोक असलेले. आमच्या दादांची होडी पौर्णिमेला पाण्यात जायची, तेव्हा आई दरवर्षी एक पैसा समुद्राला द्यायची. शेवटचा एक उरला होता. इतकी वर्षं दिला नाही मी कुणाला."

प्रीता खाली बसली. टाकीसमोर जमिनीवरच बसली. तांबं. खाऱ्या पाण्यात झिजणारं, विरघळणारं तांबं, आणि हे सगळे मऊ जीव ज्याच्या कणानेही मरतात. तिला ओरडावंसं वाटलं. पण समोरच्या बाईने आपल्या आईची शेवटची वस्तू दिली होती. आणि ज्याला ती चार महिने बाजारातल्या मिठाचं पाणी म्हणून हिणवत होती, त्याला समुद्र मानून दिली होती.

"आई, तो पैसा बाहेर काढावा लागेल. त्याच्यामुळे मरताहेत सगळे."

"काढायचा नाही." सुहासिनीबाई टाकी आणि सून यांच्यामध्ये येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढला नव्हता. "पौर्णिमेला टीव्हीवर काय दाखवत होते? आखातात वादळ, तोंड आमच्या परीच्या प्लॅटफॉर्मकडे. तू दर तासाला फोन बघत होतीस. मी बघितलं तुझं तोंड. मग मी पैसा दिला. वादळ वळलं की नाही?"

"वळलं."

"लुइझियानाकडे गेलं, तिथेही विरलं. मग? दिलेलं परत घेतलं, आणि त्याने पुन्हा तोंड फिरवलं तर? अजून महिना-दोन महिने वादळांचेच आहेत, तूच म्हणालीस."

 प्रीताकडे हवामानाचं उत्तर होतं, पण ते या प्रश्नाचं नव्हतं. त्या रात्री तिनेही, नास्तिक म्हणवणाऱ्या प्रीताने, टाकीच्या निळ्या उजेडात उभं राहून मनात काहीतरी म्हटलं होतंच.

हात घालून ती पैसा काढू शकली असती. सासूबाईंना बाजूला सारणं अवघड नव्हतं. तिने वाळूत पडलेला शंख उचलला आणि सुहासिनीबाईंच्या तळहातावर ठेवला. आतला जीव अर्धा बाहेर लोंबत होता, आत जायचं त्राण नसलेला.

"परीला लहानपणी गाईचं दूध मानवत नव्हतं, असं तुम्हीच सांगता."

"नव्हतंच. अंगभर पुरळ यायचं."

"गाईचं दूध काही वाईट नाही ना?"

"वाईट कसं असेल."

"तसं तांबंही पवित्रच आहे. पण या जिवांना मानवत नाही. मोठ्या समुद्राला एक पैसा म्हणजे काही नाही, आई. हा एवढासा आहे. याला तुम्ही मोठ्या माणसाचा घास भरवलात."

सुहासिनीबाईंनी बोटाने तो लोंबता जीव आत सारून पाहिला. मग म्हणाल्या, "पण दिलेलं ते दिलेलं."

"परत घ्यायचं नाहीच. पोचतं करायचं. परी ज्या पाण्यावर आहे, ते इथून गाडीने तासाभरावर आहे. गॅल्व्हस्टन. शनिवारी आपण दोघी जाऊ. तुम्ही तुमच्या हाताने त्याला द्या."

"आणि तोवर?"

"तोवर तुम्ही सांगाल तसा ठेवू."

सुहासिनीबाईंनी बांगड्या मागे सारल्या. "मीच काढते. मी दिला, मी काढते."

त्यांनी या पाण्यात कधी हात घातला नव्हता. कोपरापर्यंत हात गेला तसा नारिंगी मासा धावून आला आणि मनगटाला डसला.

"चावतोय गं मेला."

"घर राखतोय तो. तुम्ही डावीकडे या, दगडाच्या मागे. अजून खाली."

पैसा बाहेर आला तेव्हा त्याच्या भोकाभोवती हिरवं चढलं होतं. दिलेली वस्तू कोरडी पडू द्यायची नाही, असं सुहासिनीबाई म्हणाल्या. मग प्रीताने स्टीलच्या वाटीत मिठाचं पाणी घालून दिलं, आणि पैसा देव्हाऱ्यासमोर पाण्यात बसला.

इथवर अर्धं काम झालं होतं. पाण्यात उतरलेलं तांबं अजून पाण्यातच होतं. प्रीता गाडी काढून प्रवाळांच्या दुकानात गेली. दुकानदार, दाढीवाला, मोठ्या मनाचा माणूस, तांब्याचं नाव ऐकताच मान हलवायला लागला. "दगड तांबं धरून ठेवतात. माझं ऐक, सगळं फेकून दे, टाकी घासून धू, नव्याने सुरू कर. सगळे तेच करतात."

"तांबं शोषणारी गाळणी आहे का तुझ्याकडे?"

"आहे. पण खरं सांगतो, त्या प्रवाळाची आशा धरू नकोस."

"असतील तेवढ्या दे."

घरी आली तेव्हा गॅरेजमध्ये पिंपातलं पाणी ढवळलं जात होतं. सुहासिनीबाईंनी बटण दाबून पंप सुरू केला होता आणि मिठाचा डबा उघडून त्यातलं माप हातात धरून उभ्या होत्या. "किती घालायचं ते सांग. अंदाजाने घालणार नाही मी आता."

मग रोजचं तेच. सकाळी ऑफिसच्या आधी, संध्याकाळी ऑफिस संपलं की. टाकीतलं पाणी नळीने बाहेर, पिंपातलं ताजं पाणी आत. गाळणी ठेवली की काही दिवसांत निळसर पडायची. काढायची, नवी ठेवायची. बाहेर टेक्सासचा ऑगस्ट, गॅरेजचं दार उघडलं की तोंडावर वाफ. प्रीताचे खांदे भरून आले. बादली उचलताना पाठीत कळ आली, तेव्हा सुहासिनीबाईंनी ती हातातून काढून घेतली. "ओतायचं माझ्याकडे. तू तुझे रंग बघ."

पाणी धारेने ओतायचं नाही, हळूहळू, म्हणजे वाळू उडत नाही, हे त्यांना एकदाच सांगावं लागलं. मगाने त्या एका लयीत ओतत राहायच्या, आणि लय आली की ओठांवर ओवी यायची:

*समिंदरा भाऊराया, तुला वाहिला नारळ,*
*माझ्या बाळाच्या वाटेला, लाट येऊ दे सरळ.*

प्रीताला आधी वाटलं, ही परीसाठीच चालली आहे. एके सकाळी ती जवळ उभी राहून ऐकायला लागली, तर पुढे वेगळंच होतं:

*समिंदरा भाऊराया, तुझं लेकरू लहान,*
*माझ्या सुनेनं जपलं, तिच्या हाताची ठेव जाण.*

"ही ओवी तुमच्या आईची?"

"आईची कशी असेल. तिने काचेतला समुद्र कुठे बघितला." हातातला मग त्यांनी पुन्हा पाण्यात बुडवला. "बसते ओठांवर. आपण जोडायचं."

शनिवारपर्यंत शंख पडायचे थांबले. पैठणी मात्र तशीच आवळलेली होती, आणि एका बाजूचं मांस सुटून खालचं पांढरं उघडं पडलं होतं.

गॅल्व्हस्टनला पाणी मातकट होतं आणि किनाऱ्यावर तपकिरी शेवाळाचे ढीग. सुहासिनीबाईंनी चपला गाडीत ठेवल्या, वाटी दोन्ही हातांत धरली आणि पाण्याच्या कडेला थांबून सगळं नीट बघितलं.

"गढूळ आहे."

"हो, इथे असंच असतं."

"आमच्या खाडीचं असंच असतं पावसाळ्यात." त्यांना ते आवडलं होतं, हे आवाजावरून कळत होतं. गुडघाभर पाण्यात गेल्या, लाट परतायची वाट बघितली, आणि वाटी तिरकी केली. पैसा मिठाच्या पाण्यासकट गेला. त्यांनी हात जोडले नाहीत. ओळखीच्या माणसाला बघून मान हलवावी तशी मान हलवली फक्त.

परत येताना त्यांनी वाटी पुन्हा भरून घेतली.

"हे कशाला?"

"टाकीत घालू. तिला माहेरचं पाणी."

"नाही, आई."

"थेंबभर."

"थेंबभरसुद्धा नाही."

सुहासिनीबाईंनी सुनेकडे बघितलं, मग वाटीकडे, आणि पाणी वाळूवर ओतून दिलं. "कडक आहेस," त्या म्हणाल्या. गाडीत बसल्यावर पुन्हा म्हणाल्या, "असावंच लागतं."

परीक्षित घरी आला तोवर ऑगस्ट संपला होता. बॅग खाली ठेवायच्या आधी तो टाकीपाशी गेला. "अरे, हिचा अर्धा भाग गेलाय की. यार प्रीता, इतकी मेहनत. नवीनच आणायचं का एखादं?"

प्रीता काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "पैठणी एका काठाला फाटली म्हणून टाकतं का रे कुणी?"

प्रीता वाकून बघत होती. गेलेली बाजू गेलीच होती, तिच्यावर आता हिरवट लव चढली होती. पण दुसऱ्या बाजूच्या निऱ्या सकाळपासून थोड्या सैल वाटत होत्या. तिने पंप बंद केला. पाणी स्थिर झालं. निरीच्या कडेने, आधी एक, मग त्याच्या शेजारी आणखी, पारदर्शक दोरे बाहेर आले आणि चाचपायला लागले.

"आई, भूक लागलीये तिला."

सुहासिनीबाई आल्या त्या हातात बशी घेऊनच. संध्याकाळच्या कालवणाची कोळंबी ओट्यावर निवडून ठेवली होती. बशीत त्यातल्याच एका कोळंबीचा नखाएवढा तुकडा होता, स्वच्छ धुतलेला.

"धर," त्या म्हणाल्या. "हळद-मीठ लावायच्या आधीच बाजूला काढून ठेवला होता."