नारिंगी कूलर आणि जवाचा पेला

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. हवा थंड करणारा नव्हे, पाणी थंड ठेवणारा. बुटका, गोल, नारिंगी. वर पांढरे झाकण आणि खाली नळ. उन्हाने माझा रंग विटला आहे आणि उचलायची एक कडी तुटली आहे. पण पोटातून मी अजून धडधाकट आहे. हे मला स्वतःलाही अलीकडेच कळले. त्याचीच ही हकिकत.

कारखान्यात मला दोन कातड्या मिळाल्या, एक आतली आणि एक बाहेरची. दोन्हींच्या मध्ये फेसासारखे काहीतरी भरून तो फेस घट्ट होऊ दिला. माझी सारी ताकद त्या फेसात आहे. तो दिसत नाही, म्हणून त्याचे कौतुक कोणी करत नाही.

ओमानमध्ये सहम नावाच्या गावातल्या एका एसी बसवणाऱ्या कंपनीने मला घेतले. रोज पहाटे पिकअपच्या मागे दोरीने बांधून मला साइटवर नेत. माझी जबाबदारी जनार्दनकडे असे. तो तेव्हा कोकणातून नुकताच आला होता आणि हेल्पर होता. तो माझ्यात आधी थोडा बर्फ आणि पाणी टाकी, मला गदागदा हलवी, ते ओतून देई आणि मगच ताजा बर्फ व पाणी भरी. "आधी भांडं गार झालं पाहिजे," असे तो पुढे आलेल्या नव्या माणसांना शिकवी. मित्रांनो, त्याची ही सवय ध्यानात ठेवा. पुढे तिनेच घोटाळा केला.

उन्हाळ्यात सहमला दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही. अशा वेळी माणसे माझ्यापुढे रांग लावत. कोणी पेला कपाळाला लावून डोळे मिटून उभा राही. आमचा अर्बाब, म्हणजे मालक, स्वतःच्या गाडीतली बाटली सोडून माझे पाणी पीत असे. तो माझा सुखाचा काळ होता.

मग साइटवर तयार पाण्याच्या बाटल्या येऊ लागल्या. मला भंगारात टाकणार होते, पण जनार्दनने मला घरी आणले. तोवर तो मोठा मेकॅनिक झाला होता, आणि पत्नी प्रेमा हिच्यासह अल खौदला राहायला आला होता. सुरुवातीला मी त्यांच्याबरोबर समुद्रावर सहलीला जात असे. पुढे माझ्यात कांदे ठेवले. नंतर कपड्यांचे चिमटे ठेवले. मग काहीच ठेवले नाही. बाल्कनीच्या कोपऱ्यात माझ्यावर धूळ बसली. माझा नळ अर्धवट उघडा राहिला होता, आणि त्यातून कोळ्याने जाळे विणले.

एके दिवशी माझ्या शेजारी कॅरमचा बोर्ड आणून ठेवला, तोंड भिंतीकडे करून. तेव्हा मला कळले, घरात काहीतरी बिनसले आहे.

दर शुक्रवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर जनार्दनचा मित्र शरीफ कॅरम खेळायला येई. शरीफ रत्नागिरीचा. खालच्या रस्त्यावर त्याचे नळ, पाइप आणि खिळ्यांचे दुकान आहे. शरीफचा चहा आणि जनार्दनची बिअर, असा तो खेळ वर्षानुवर्षे चालला होता. यंदा डॉक्टरांनी जनार्दनचे यकृत तपासले आणि बिअर बंद म्हणून सांगितले. जनार्दनने ती त्याच दिवशी सोडली. पण बिअरबरोबर त्याने कॅरमही सोडला.

"चहा घे नि बस की," शरीफ दारातून म्हणे.

"नको. हात नुसता मोकळा वाटतो. तू जा."

शरीफ खिसा चाचपत थोडा वेळ उभा राही आणि निघून जाई. पुढच्या शुक्रवारी पुन्हा येई. जनार्दन टीव्हीपुढे बसून राही, आणि टीव्ही कुणीच पाहत नसे. आता तो गावी परत जायच्या गोष्टी बोलू लागला होता. प्रेमाला भीती वाटे ती याचीच. नवऱ्याचा आजार औषधाने आवरला होता. त्याचे घुमेपण आवरत नव्हते.

एक दिवस तिने त्याला सरळ विचारले, "अहो, तुम्हाला बिअर हवी आहे की बिअरची चव?"

त्याने टीव्ही बंद केला. "तो जवाचा भाजका वास. थोडा कडवटपणा. आणि हातात गार पेला."

"एवढंच ना? मग नशेचं काही नको. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो, तसं जवाचं करू. त्याच दिवशी करायचं, त्याच दिवशी प्यायचं."

जनार्दनमध्ये जरा जीव आला. लगेच त्याने फोनवर एक चकचकीत स्टीलचे यंत्र शोधून काढले. ते स्वतःच पाणी तापवते, स्वतःच दाणे ढवळते. "करायचं तर नीट करायचं," तो म्हणाला.

"आधी घरात काय आहे ते बघा. हे यंत्र आणाल आणि महिन्याने ते माझ्या ओट्यावर कपडे वाळत घालायला होईल."

मग शोध सुरू झाला. उकळायला शरीफची बायको गुलबानू हिने बिर्याणीचा मोठा टोप पाठवला. तापमान बघायला जनार्दनच्या एसीच्या बॅगेत काटा होताच. दाणे दळायला प्रेमाने मिक्सर काढला आणि बजावले, "दाणा नुसता फुटला पाहिजे. पीठ झालं तर चिकटा होईल." गाळायला शरीफने दुकानातून स्टीलची जाळी कापून दिली. जव सहमच्या एका ओळखीच्या शेतावरून आले. प्रेमाने त्यांना भिजवून मोड आणले, गच्चीवर वाळवले आणि मूठभर दाणे तव्यावर काळपट होईपर्यंत भाजले.

राहिली एकच वस्तू. मोड आलेल्या जवात गोडवा दडलेला असतो. दाण्यांना गरम पाण्यात तासभर एकसारखी ऊब मिळाली, तरच तो पाण्यात उतरतो. ही ऊब कशात राखायची?

"गोधडीत गुंडाळू," शरीफ म्हणाला.

"ती मग धुणार कोण, तुमचे अर्बाब?" असे म्हणत प्रेमा बाल्कनीत आली. तिने माझे झाकण उघडले. "याच्यात ठेवू."

जनार्दन हसला. "अगं, तो थंड ठेवतो."

"तो आतलं बाहेर सोडत नाही. त्याला काय ठाऊक, आत थंड आहे की गरम."

मित्रांनो, मलाही ते ठाऊक नव्हते. आयुष्यभर मी स्वतःला थंडीचा समजत आलो होतो. तिने मला घासून, धुऊन, उन्हात वाळवले. शरीफने जुना गळका नळ काढून स्टीलचा बसवला. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्यावर काम सोपवले होते. मी मनातल्या मनात ताठ उभा राहिलो.

शुक्रवारी सकाळी प्रेमा अंघोळीला गेली असताना जनार्दनने एकट्याने सगळी मांडामांड केली. दाणे आणि गरम पाणी माझ्यात ओतले, झाकण लावले आणि तासभर कोणाला हात लावू दिला नाही. पुढे ते पाणी गाळून टोपात उकळले, निववले. असरनंतर शरीफ आला. जनार्दनने त्याच्या हातात पेला दिला आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

शरीफने घोट घेतला. त्याने तो बराच वेळ तोंडात घोळवला.

"जनू, ही पेज आहे."

जनार्दननेही चव घेतली. गोडवा नाही, वास नाही, नुसते पिठूळ पाणी. "पेजेत मीठ तरी असतं," तो पुटपुटला. त्याने पेला खाली ठेवला. "डबा म्हातारा झालाय. आतला फेस मेला असेल. काही होत नाही आपल्याच्यानं." असे म्हणून त्याने मला उचलून दाराबाहेर ठेवले, खाली कचऱ्याच्या पेटीकडे न्यायला. मग तो आत जाऊन टीव्हीपुढे बसला.

मला बोलता येत असते, तर मी तेव्हा बोललो असतो.

शरीफचे तोंड पिठूळ झाले होते. त्याला सरबत द्यावे म्हणून प्रेमाने फ्रीज उघडला. "अहो, बर्फाचे सगळे ट्रे रिकामे कसे?"

"कूलरमध्ये घातला बर्फ."

"कधी?"

"सकाळी, भरायच्या आधी. आधी भांडं गार..."

पुढचे शब्द त्याच्या तोंडातच राहिले. मग शरीफ सोफ्याचा हात धरून हसू लागला. "सहमच्या साइटवर निघाला होतास काय? ऊब राखायची, आणि हा भांडं गार करतोय."

प्रेमाही हसू लागली, आणि शेवटी जनार्दनही हसला. या घरात तो कित्येक दिवसांनी हसला होता. तो उठला आणि त्याने मला दाराबाहेरून आत आणले. आणताना तो माझ्या झाकणावर हात ठेवून क्षणभर थांबला.

अर्धे जव प्रेमाने जपून ठेवले होते. या वेळी जनार्दनने आधी उकळते पाणी माझ्यात ओतून मला आतून चांगले तापवले. ते पाणी टाकून दाणे घातले. माझा फेस मेला नव्हता, मित्रांनो. तासाभराने काटा जवळजवळ होता तिथेच होता. नळ उघडला तेव्हा मधासारख्या रंगाचे गोड पाणी बाहेर आले. टोपात उकळताना प्रेमाने कडवटपणासाठी एक काळे सुके ओमानी लिंबू फोडून टाकले. शरीफ खाली जाऊन बकाल्यातून, म्हणजे किराण्याच्या दुकानातून, बर्फाची पिशवी आणि सोडा घेऊन आला. निवलेले पाणी पुन्हा माझ्यात आले, आणि आता बर्फही आला, योग्य वेळी.

सोड्याचा फेस आलेला पेला जनार्दनने उचलला. घोट घेतला. प्रेमाने पदराचे टोक मुठीत धरले होते.

"बिअर नाही ही," तो म्हणाला.

त्याने आणखी एक घोट घेतला.

"पण जव आहे."

मग पेला हातातच ठेवून तो बाल्कनीत गेला. भिंतीकडे तोंड केलेला बोर्ड त्याने काखेत धरून आत आणला आणि फडक्याने पुसला. "पावडर कुठे गेली, देव जाणे."

शरीफने खिशातून पावडरची डबी काढून बोर्डावर ठेवली. "दर शुक्रवारी घेऊनच येत होतो," तो म्हणाला. "बस आता. यल्ला, चल, सोंगट्या लाव."

आता मी स्वयंपाकघरात असतो, ओट्याखाली. बाल्कनीतला तो कोपरा रिकामा आहे. शुक्रवारी सकाळी जनार्दन मला आधी गरम पाण्याने तापवतो, आणि प्रेमा दारातून विचारते, "बर्फ आहे ना जागेवर?"

मित्रांनो, तुमच्या घरातही एखाद्या कोपऱ्यात माझ्यासारखा कोणी असेल. त्याने आजवर एकच काम केले, म्हणून त्याला तेवढेच येते असे समजू नका. टाकण्याआधी त्याला धुऊन पाहा, नवे काम सांगून पाहा. आणि एक विनंती. काम झाल्यावर आम्हाला ओले तसेच बंद करू नका. नळ उघडा ठेवा, झाकण बाजूला ठेवा, आणि थोडी हवा लागू द्या.

माणसालाही तसेच लागते. शरीफला ते ठाऊक होते, म्हणून तो दर शुक्रवारी येत राहिला.