घट्ट हात

पुष्पलता माझी लहानपणची मैत्रीण, म्हणूनच तिचं कौतुक मला बघवत नाही. खोटं कशाला बोलू? नवरा रेल्वेत लागला, तशी ती पाच वर्षं त्याच्या नोकरीच्या गावी, आमल्याला राहून आली आणि येताना लोकरीचं विणकाम शिकून आली. आमची गल्ली कोष्ट्यांची, घराघरात माग. मी सातव्या वर्षापासून सुताच्या कांड्या भरते, त्याचं कोणाला काही नाही. कौतुक कोणाचं, तर या दोन सुयांवालीचं.

तरी मी गप्प होते. पण बाळंतपणाला आलेली माझी गोपिका एका दुपारी म्हणाली, "आई, पुष्पामावशी बाळासाठी स्वेटर विणून राहिली. बारशाले तोच घालू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं पहिलं नातवंड आणि त्याच्या अंगाला पहिली लोकर त्या बाईची? मी त्याच दिवशी इतवारीच्या बाजारातून पिवळी लोकर आणि सुया आणल्या.

आता शिकणार कोणाकडून? गल्लीत सुयांवर विणता येणाऱ्या दोघीच, पुष्पलता आणि तिच्याच हाताखाली शिकलेली कुसुमावती. अडला हरी गाढवाचे पाय धरी. रोज दुपारी पुष्पलतेच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. मला पाहून ती खूश झाली, तेही मला आवडलं नाही.

सुलट-उलट टाके चार दिवसांत जमले. चुकलेल्या ओळी कुसुम न कुरकुरता उसवून द्यायची. सुटलेले टाके कसे उचलायचे, ते पुष्पलतेनं माझी बोटं धरून शिकवलं. फक्त एका गोष्टीवरून तिचं टुमणं चालायचं.

"हात सैल सोड वं, शामला. किती ओढून राहिली?"

"सैल सुताचं कापड होते का कधी?"

"हा माग नाही वं."

मागावर ताणा जरा सैल पडला तर आमचे हे जेवत्या ताटावरून उठतात. आणि ही मला सैल सोड म्हणते. माझ्या मनात आलं, माझा स्वेटर गबाळा झाला की चार बायकांत हिचाच उठून दिसेल. म्हणून मी आणखी ओढलं.

नातू झाला. बारशाच्या आदल्या दिवशी पाळण्यासाठी दोरी आणायला मी पुष्पलतेच्या घरी गेले. ती आमच्याकडे कामात होती. तिच्या पेटीवर स्वेटर घडी करून ठेवला होता, अगदी बटणं लावून तयार. हातात घेतला तर लोण्यासारखा मऊ. होता तसा ठेवला आणि दोरी घेऊन आले.

बारशाला उमरेडहून विहीणबाई आल्या. थंडी मरणाची. कोणी काही बोलायच्या आत मी विणलेला पिवळा स्वेटर पिशवीतून काढला आणि बाळाच्या डोक्यावरून घालायला लागले. गळा कपाळापाशीच अडला. मी ओढला. बाळ रडून रडून लाल झालं.

विहीणबाई म्हणाल्या, "राहू द्या, बाई. पायमोजा विणला काय?"

बायका हसल्या. गोपिकेनं बाळ माझ्याकडून घेतलं. "मावशी, तुझा दे न."

पुष्पलतेनं माझ्याकडे पाहिलं. "माझा कुठं झाला वं? बाह्या राहिल्या अजून."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तिच्या विणकामाचा हेवा मी कसाबसा गिळला असता. पण तिच्यासाठी असं खोटं माझ्या तोंडून कधी निघालं नसतं, हे मला ठाऊक होतं, आणि तिच्या त्या मोठेपणाच्या हेव्यानं मी जास्त जळले. बाळाच्या पायांना हात लावला तर ते गार पडले होते.

मी उठले. चार घरं ओलांडून तिच्या पेटीवरचा स्वेटर घेऊन आले आणि माझ्या हातानं बाळाला घातला. एक बाही गेली, दुसरी गेली, बाळानं हूं की चूं केलं नाही.

"कालच झाला होता," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "मी पाहिला होता."

पुष्पलता खाली मान घालून पाळण्याची दोरी नीट करत बसली.

बायका गेल्यावर मी पिवळा स्वेटर तिच्या मांडीवर टाकला. "उसव हा. आणि पहिल्यापासून शिकव मले."

तिनं लोकरीचं टोक शोधून माझ्याच हातात दिलं. "तूच उसव." थोड्या वेळानं तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"हळू वं," ती म्हणाली. उसवतानाही मी ओढतच होते.