नववी फासळी

दुपारची भाकरी झाली की बिरदेव मोटे शेडात जायचा आणि विमानाच्या उजव्या पंखावर बोटाच्या पेरानं ठोकायचा. पंखात आतून लाकडाच्या अकरा फासळ्या. पहिल्या फासळीवर तीनदा, टक टक टक. मग तो हात उचलून थांबायचा. थोड्या वेळानं पंखाच्या खालच्या अंगानं एक ठोका परत यायचा. टक. मग दुसरी फासळी, मग तिसरी. असं करत तो आठवीपर्यंत जायचा. तिथून एक लांब पाऊल टाकून दहावीवर, मग अकरावीवर. नवव्या फासळीला तो हात लावत नसे.

वर्ष झालं होतं या गोष्टीला. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

शेड मुळात कोंबड्यांचं. आटपाडीच्या वरच्या माळावर, लांबलचक, पत्र्याचं. कोंबड्यांचा धंदा बसला तसं ते रिकामं पडलं आणि बिरदेवनं त्यात विमान मांडलं. हवाई दलात वीस वर्षं त्यानं विमानांच्या सांगाड्यांवर काम केलं होतं. घरी आल्यावर परदेशातून चार पेट्या मागवल्या. त्यांत लाकडाच्या पट्ट्या, प्लायचे पातळ तक्ते, खिळे, तारा आणि एक जाड पुस्तक. भाग त्यांचे, जोडणी आपली. गावात म्हणायचे, "बिरदेवनं मेंढरं इकली आन् पंखाची मेंढी आणली."

पंखासाठी त्याला हलक्या हाताचा माणूस हवा होता. तो मिळाला मिरजेत. बादशहा सतारी करायचा. बिरदेवनं प्लायचा तुकडा पुढं केला तेव्हा बादशहानं तो कानाशी धरला, दोनदा ठोकला आणि एका कोपऱ्यावर नखानं खूण केली. "हितं पोट सुटलंय." तुकडा चिरला, तर खरंच आतले थर सुटलेले. मग दर रविवारी तो एसटीनं माळावर यायला लागला. म्हणायचा, "सतारीत आन् ह्याच्यात फरक येवढाच, सतार पडली तर कुणी मरत न्हाई."

माठ घेताना आपण बोटानं वाजवून बघतो ना, तसंच हे. सांधा नीट चिकटला असेल तर आवाज भरीव येतो. आत फट राहिली असेल तर आवाज मरतो. सतारीवाले सतारीचं पोट बंद करतात तेव्हा दोघं लागतात. ज्यानं चिकटवलं तो तीनदा ठोकतो. दुसरा पलीकडच्या बाजूला हात टेकून उभा असतो. त्याला आवाज जिवंत लागला तर तो एकदा ठोकून उत्तर देतो. नाही लागला तर गप्प राहतो, आणि मग काही न बोलता पोट परत उघडायचं. शेवटी दोघांची नावं आणि तारीख कडेला पेन्सिलीनं लिहायची. एकट्यानं कुणी कधी पोट बंद करत नाही. आपल्या कामाला आपला कान नावं ठेवत नाही, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक.

डावा पंख त्या दोघांनी असाच बंद केला. उजवा उघडा असतानाच बादशहा गेला. मार्चातली गोष्ट. दुकानात बसल्या जागी गेला.

तिसऱ्या दिवशी कबरीवरची जियारत उरकून बिरदेव मिरजेहून परतला. भर दुपारी एसटीतून उतरला, घरी न जाता थेट शेडात गेला आणि लाकूड चिकटवायच्या गमचे दोन डबे उघडून कालवायला बसला. त्या दोघांचा नियम होता, गम लावायचा तो पहाटे, माळ थंड असताना. उन्हात हा गम वाटीतच तापतो, दाटतो आणि वरून नुसता ओला दिसतो. बिरदेवला हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी त्याला हात रिकामे ठेवायचे नव्हते. आठ फासळ्यांपर्यंत गम नीट बसला. नववीला वाटीतून गमच्या पाकासारख्या तारा निघायला लागल्या. त्या तारा त्यानं तशाच फासळीवर ओढल्या. दहावी-अकरावीसाठी नवी वाटी कालवली. वरून प्लाय बसवला, तो दाबून धरायला शिकंजे आवळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिकंजे काढले आणि सवयीनं पहिल्या फासळीवर तीनदा ठोकलं.

पलीकडून उत्तर आलं.

तो खाली वाकला. पंखाखाली कुणी नव्हतं. पत्रा उन्हानं तडकतो, म्हणून त्यानं पत्र्याकडं बघितलं. पुन्हा ठोकलं. पुन्हा एक. दुसरीवर, तिसरीवरही तसंच, आणि ठोका बादशहाच्या पद्धतीचा, जरा उशिरा, जरा हलका. नवव्या फासळीवर ठोकलं आणि काही आलं नाही. मग त्यानं दहावीवर ठोकलं. टक.

त्यानं पेन्सिल घेतली आणि पंखाच्या कडेला दोन नावं आणि तारीख लिहिली.

पुढं वर्षभर रंग, इंजिन, तारा ही कामं चालली. तपासणीला साहेब आले, बघून सही करून गेले. दुपारचा ठोका चालूच राहिला. डाव्या पंखावर ठोकलं तर कधी काही येत नसे. पहाटे उजव्यावरही नाही. बिरदेवला वाटायचं, पंख उघडला तर आत जे कोण आहे ते निघून जाईल. नवव्या फासळीचं गप्प राहणं तो मनातल्या मनात कधी लाकडाच्या गाठीवर ढकलायचा, कधी स्वतःच्या कानावर.

आता मात्र दिवस ठरला होता. शनिवारी टेम्पो येणार, विमान कराडच्या धावपट्टीवर जाणार, आणि रविवारी पल्लवी ते उडवणार. पल्लवी त्याची मुलगी. विमान उडवायला शिकवणाऱ्या शाळेत ती शिकवायची. पहिलं उड्डाण तिनं स्वतःकडं मागून घेतलं होतं.

शुक्रवारी ती आली ती चांदबीला घेऊनच. चांदबी म्हणजे बादशहाची बायको. नवऱ्याच्या हातचं काम एकदा बघायचं, म्हणून म्हातारी उन्हात दोन एसट्या बदलून आली होती.

"आबा, वाळलाय लय," पल्लवी म्हणाली. "इमानाचं वजन कमी करायचं म्हणून आपलं कमी केलं का काय?"

"तू बसणार हायस न्हवं, म्हणून तेवढं कमी केलं."

"भाभी, ऐका तुमीच."

चांदबी हसली. ती डाव्या पंखावरून तळवा फिरवत चालली होती. टोकाशी वाकून तिनं नावं वाचली, तारखेवर बोट ठेवलं. "हे मला आठवतंय. त्या दिवशी पेढे आणले व्हते घरी." मग ती उजव्या पंखाकडं गेली. पिवळा रंग देताना बिरदेवनं कडेची तेवढी जागा मोकळी ठेवली होती. तिथं ती वाकली. तारखेवर ठेवलेलं बोट तिनं उचललं नाही.

"बिरदेवभाऊ, हा कुणी बंद केला?"

"मी."

"दुसरं कोण व्हतं?"

बिरदेव पुसायच्या फडक्याची घडी घालत राहिला. "बादशहा व्हता."

"त्यांना माती देऊन तीन दिस झाले व्हते, भाऊ."

दीड वाजला होता. पत्रा तडतडत होता.

"आबा?" पल्लवी म्हणाली.

बिरदेवनं तिला हातानं गप्प केलं आणि पहिल्या फासळीवर तीनदा ठोकलं. त्याच्या कानाला उत्तर आलं. त्यानं दोघींकडं बघितलं.

"काय न्हाई आलं," पल्लवी म्हणाली.

दुसरी, तिसरी. प्रत्येक वेळी तो बघायचा आणि पल्लवी मान हलवायची. चांदबी डोळे मिटून उभी होती, ती हो म्हणेना, नाही म्हणेना. आठवीनंतर बिरदेवचं पाऊल लांब पडलं.

"एक राहिली," चांदबी डोळे न उघडताच म्हणाली.

"काय?"

"एक सोडलीत तुमी. पावलाचा आवाज आला मला."

बिरदेव मागं आला. नवव्या फासळीवर बोट धरलं, पण ठोकेना. मग त्यानं पल्लवीकडं न बघता सांगितलं, दुपारचं ऊन, वाटीतल्या तारा, सगळं. "तो हितं कवाच बोलला न्हाई," तो म्हणाला. "वर्ष झालं. बाकी समद्यांवर बोलतो."

पल्लवीचा चेहरा उतरला. "आन् मी परवा ह्याच्यात बसणार व्हते."

"व्हय."

"आबा, मला काय बोलायचं हाय ते नंतर बोलीन. करवत कुठं हाय?"

करवत बिरदेवनंच चालवली. आठवी आणि नववीच्या मधला पिवळा प्लाय वहीच्या पानाएवढा कापून उचलला. त्यानं पातळ सुरी नववीच्या सांध्यात घातली. भाकरीच्या पापुद्र्याखाली शिरावी तशी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. गम कुठं धरलाच नव्हता. फासळीवर वाळलेल्या तारा तेवढ्या होत्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. शेजारच्या आठवीच्या सांध्यात सुरीचं टोकही शिरलं नाही.

बिरदेवनं उघड्या भोकाशी कान नेला. आतून लाकडाचा वास आला. त्यानं आठवीवर ठोकलं. काही नाही. सातवीवर, सहावीवर. पार पहिलीपर्यंत गेला. मग खाली फरशीवर बसला.

चांदबी त्याच्या शेजारी येऊन टेकली. "मला पण घरात आवाज यायचे," ती म्हणाली. "म्या कुणाला सांगितलं न्हाई. सांगितलं का माणसं औषधाला नेत्यात."

"बंद झाले?"

"मी इचारत न्हाई आता."

संध्याकाळच्या गाडीनं ती मिरजेला गेली. टेम्पोवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. शनिवारी पहाटे, माळ थंड असताना, पल्लवीनं वाटी धरली आणि बिरदेवनं गम लावला. नववी फासळी घासून पार कोरी केली होती. नवा तुकडा बसवताना दोघांनी दोन बाजूंनी धरलं. आदल्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलत होती, आणि बिरदेवला ते बरोबर वाटत होतं.

रविवारी दुपारी, ज्या वेळेला ती कराडवर आकाशात असणार होती, त्या वेळेला त्यांनी शिकंजे काढायला घेतले. बिरदेव वरच्या अंगाला. पल्लवी पंखाखाली उकिडवी बसलेली, एका हातात सैल केलेला शिकंजा, दुसऱ्या हातात दुसरा.

"थांब जरा," बिरदेव म्हणाला आणि नवव्या फासळीवर तीनदा ठोकलं.

आवाज भरीव आला, हातालाच कळला. तो थांबला. पत्रा तडतडला. दूर कुठं मेंढरं ओरडली. पूर्वी कधी थांबला नव्हता एवढा वेळ त्यानं वाट बघितली. काही आलं नाही. बरं, असंच व्हायचं होतं, असं म्हणून त्यानं हात खाली घेतला.

"आलं की," खालून पल्लवी म्हणाली.

"काय आलं?"

"एक. आत्ता."

बिरदेवला वाटलं, पोरगी बापाचं मन राखतेय. वर्षभर त्यानं स्वतःची समजूत घातली, तेच तिनं आता का करावं, असं म्हणून रागावण्यासाठी तो वाकला. पल्लवीचे दोन्ही हात शिकंज्यांनी भरलेले होते. भर एप्रिलच्या दुपारी तिच्या दोन्ही हातांवरचे केस उभे राहिले होते, आणि ती प्लायकडं बघत होती, तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर.

"आबा, दहावीवर ठोका," ती हळू आवाजात म्हणाली.

त्यानं ठोकलं. त्याला फक्त मेंढरं ऐकू आली. पल्लवीनं मान हलवली, हो म्हणून.

"आता अकरावी," ती म्हणाली.