लुळा हात कोणता?

माझा नवरा वायब्रांड आळशी नव्हता. हे आधी ऐका, मग हसायचं तर हसा.

बंदरात पिंप अंगावर आलं आणि त्याचा उजवा हात कायमचा लुळा पडला. तेव्हापासून तो दारात उन्हाला बसायचा. समोर लुबर्ट राहायचा, तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरून कागदावर छापणारा. जत्रेसाठी त्याने वायब्रांडलाच कोरलं, आळशांचा राजा म्हणून. एक हात मांडीवर मेलेला, दुसऱ्यात चमचा, आणि भाजलेलं बदक आपणहून तोंडात उडत येतंय. अख्खं ॲमस्टरडॅम हसलं. ज्यांनी जन्मात पोतं उचललं नाही ते जास्त हसले.

मग शिपाई त्याला आळशी म्हणून धरायला आले. आळशांना सुधारायला आमच्याकडे तुरुंग आहे. तिथे दोन्ही हातांनी करवत ओढायची आणि लाल लाकडाचा भुसा पाडायचा, रंगाऱ्यांसाठी.

सुनावणीत मी ओरडले, "साहेब, त्याचा उजवा हात बघा!"

साहेबाने खिशातून चित्र काढलं. "इथे तर डावा लुळा आहे, बाई. उजव्यात चमचा. तुझा दादला आलटूनपालटून लुळा होतो वाटतं?"

सगळे खो खो हसले.

मी लुबर्टकडे धावले. "लुबर्टदादा, छापताना चित्राची बाजू उलटते. तू दिसलं तसंच कोरलंस. एवढंच जाऊन सांग."

"वहिनी, हळू बोला! घाईत उलटं कोरायचं राहून गेलं. नवशिकेसुद्धा अशी चूक करत नाहीत. कळलं तर मला काम कोण देईल?"

"म्हणजे तुझी अब्रू झाकायला त्याने करवत ओढायची?"

लुबर्ट त्याच चित्राचा पत्रा पुसत राहिला. मी तोच त्याच्या हातातून हिसकावला आणि पळत जाऊन साहेबापुढे धरला. "बघा, इथे उजवाच लुळा आहे!"

साहेबाने पत्रा उजेडात तिरका केला. "खरंच की. इथे उजवा, तिथे डावा. म्हणजे चित्रकारानेही याची दोन्ही सोंगं पाहिलीत."

आता रविवारी लोक कैदी बघायला जातात, जनावरं बघावीत तसे. मीही गेले. वायब्रांड लाल भुशाने माखलेला, उजवा हात चिंधीने करवतीला बांधलेला. माझ्या शेजारी उभ्या बाईने चित्र वर धरून ताडून पाहिलं.

"तोच गं. पण चित्रात हात चुकलाय."

मी तिचा दंड धरला. "बाई, हे साहेबाला येऊन सांगता?"

"मी कशाला? लागला ना एकदाचा कामाला!"