रुंद पानाचं पिल्लू

वाडीतली शेवटची राजेळी केळ आग्नेलने पहार घालून आडवी केली, तेव्हा क्लेमेंटीन रडली नाही. ती नवऱ्यावर ओरडली.

"अहो, आधी फवारा मारायचा होता ना! तो शेतकी खात्याचा साहेब घसा फोडून काय सांगून गेला? आधी मावा मारा, मग झाड पाडा!"

पण आग्नेलचं डोकं ठिकाणावर होतं कुठे? गेला आठवडाभर तो माणूस झाडं पाडत होता, गड्डे खणून काढत होता, ढीग करून पेटवत होता. ओली केळ पेटते थोडीच! सगळ्या वाडीत नुसता धूर. शेवटच्या झाडावर त्याने सगळा राग काढला, पहार फेकली आणि विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसला. पडलेल्या केळीची पानं क्लेमेंटीननेच ओढत ढिगावर नेली. पानं कसली ती? शेंड्याला उभा, आखूड, कडक झुबका. नवं पान उलगडायलाच तयार नाही. काळा मावा, टाचणीच्या टोकाएवढी कीड, या झाडावरून त्या झाडावर हा रोग नेतो, आणि एकदा लागला की त्यावर औषध नाही. आई-केळीला लागला की गड्ड्यातून पिल्लांनाही लागतो.

आणि गावात सगळ्यांचीच राजेळी एका गड्ड्यातली. क्लेमेंटीनच्या सासूने, मटिल्डाबायने, लग्नकार्याला, बारशाला, कुणी नवं घर बांधलं की एकेक पिल्लू दिलेलं. आता साऱ्या गावाचं वाटोळं झालं होतं.

भाताचं बी कणगीत ठेवता येतं. दुधी, पडवळाचं बी राखेत घोळून डब्यात ठेवता येतं. केळीचं काय ठेवणार? फूल येतं, फळ धरतं, केळ्यांचा लोंगर माणसाएवढा होतो, पण आत बी म्हणून नाही. आई लोंगर देते आणि मरते, मरण्याआधी पायाशी पिल्लं सोडते, बस्स. पिल्लू गेलं की सगळंच गेलं. बाजारात राजेळी म्हणून मिळतात म्हणा, पण त्यांची सुकेळी करून बघा एकदा. सोलून उन्हात घातली की दोन दिवसांत काळी पडतात. मटिल्डाबायची मधासारखी पिवळी व्हायची. म्हातारीने मरताना क्लेमेंटीनचा हात धरून एकच सांगितलं होतं, "केळ संपू देऊ नको, बाय."

"संपली," विहिरीवरून आग्नेल म्हणाला. "आता पपई लावू."

क्लेमेंटीनने हातातलं पान तिथेच टाकलं. कारण संपली नव्हती. एक पिल्लू होतं. जावेकडे, रोझलिनकडे. आणि ते कसलं होतं, हे क्लेमेंटीनइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

धाकट्या दिराने, स्टॅनीने, आपल्या वाटणीची वाडी विकून एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला, तेव्हाची ही गोष्ट. क्लेमेंटीन मुळातच फटकळ, त्यात वाडी विकलेली. रविवारच्या प्रार्थनेची मिस्सा सुटल्यावर देवळाच्या दारातच ती जावेला म्हणाली होती, "विकलीत ना आईची जमीन? मग आता लिफ्टमध्ये पिकवा केळी!" रोझलिन खाली मान घालून ऐकत राहिली आणि निघायच्या दिवशी हळूच म्हणाली, "वहिनी, आईच्या केळीचं एक पिल्लू दे गं." आता केळीखाली पिल्लं दोन तऱ्हेची असतात. एक सुरीच्या पात्यासारख्या निमुळत्या पानांचं. त्याचा गड्डा जाड, मूळ घट्ट, ते लावलं की लागलंच. दुसरं रुंद पानांचं, दिसायला गुबगुबीत, छान, पण आत जीव नाही. शेतकरी ते लावत नाही, उपटून टाकतो. क्लेमेंटीनने ते रुंद पानांचं काढलं, पोत्यात गुंडाळलं आणि हसत हसत जावेच्या हातात दिलं. नंतर चार घरी सांगितलंसुद्धा, "कसली गंमत केली!"

आता भोग बाई.

ती आत गेली नाही, पाय धुतले नाहीत. अंगातल्या गाऊनवर टॉवेल टाकला आणि वाटेत मिळेल ती रिक्षा धरली. पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या. रिक्षात बसून ती सायबिणीला, देवाच्या आईला, विनवत होती. "सायबिणी माय, ते पिल्लू जगू दे. मी वाईट आहे, मला मान्य आहे. पण ते जगू दे."

रोझलिनने दार उघडलं आणि ती बघतच राहिली. मोठी जाऊ, पाच वर्षांत एकदाही पायरी न चढलेली, धुराने माखलेली, अनवाणी.

"केळ," क्लेमेंटीन म्हणाली. "आईची केळ. मी दिलेली. आहे ना?"

"आत तर ये."

"आहे का सांग आधी! आमची गेली गं. सगळी गेली. गावात एक राहिली नाही. पाया पडते तुझ्या, आहे का?"

रोझलिनने खुंटीवरची चावी घेतली. "चल, दाखवते," एवढंच म्हणाली.

बिल्डिंगच्या मागे, पाण्याच्या टाकीपलीकडे, भिंतीच्या कडेला लाल-करड्या ब्लॉकची नवीकोरी फरशी होती. त्यावर दोन स्कूटर उभ्या होत्या.

"इथे होती," रोझलिन म्हणाली. "तीन आठवड्यांपूर्वी, रविवारी आम्ही मिस्साला गेलो आणि सोसायटीने कापली. मच्छर होतात म्हणे, पार्किंग हवं म्हणे. परत येऊन बघते तर लोंगरासकट कचऱ्याच्या गाडीत."

"लोंगर? लोंगर होता?"

"होता तर. मग काय, तुला वाटलं मी कुंडीत शोभेला ठेवली?" रोझलिनचा आवाज चढला. "मला माहीत होतं तू कुठलं पिल्लू दिलंस ते, वहिनी. मी काही मुंबईहून आले नव्हते, मीपण त्याच वाडीत नांदले. स्टॅनी म्हणाला, फेकून दे. मी म्हटलं, कसंही असलं तरी आईचं आहे. पहिला लोंगर आला तो बोटाएवढ्या केळ्यांचा. पण त्याच गड्ड्यातून पुढे निमुळत्या पानांची पिल्लं फुटली. त्यांना लोंगर आले ते बघायला हवे होतेस. गच्चीवर सुकेळी घातली मी. पिवळी झाली, आईसारखी."

क्लेमेंटीन मटकन खाली बसली. आपण थट्टा म्हणून दिलेल्या पिल्लाला हिने आई केलं, आणि आपण येईपर्यंत तेही गेलं. तिला धाय मोकलून रडावंसं वाटलं, पण डोळे त्या फरशीवरच खिळले होते.

"गड्डा खणला का त्यांनी?" तिने अचानक विचारलं.

"कुठला? वरून कापली, वाळू टाकली, ब्लॉक बसवले."

"अगं मग मेली कुठे ती! वर होतं ते काय खोड होतं? पानांच्या सोपटांची गुंडाळी ती! खोड तर खाली आहे, मातीत!"

रोझलिनने जावेकडे बघितलं. तिने एक स्कूटर ढकलली, मग दुसरी. वर जाऊन कोयता घेऊन आली. वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "ओ आंटी, क्या कर रहे हो?" रोझलिन म्हणाली, "सेक्रेटरीला बोंबलायचं तर बोंबलू दे," आणि कोयत्याचं टोक फटीत घातलं.

दोघी गुडघ्यांवर बसून ब्लॉक काढत राहिल्या. क्लेमेंटीनचं नख तुटलं, तिला कळलंही नाही. ब्लॉकखाली वाळू, वाळूखाली कापलेल्या केळीचं थोटूक, चिकाने काळं पडलेलं, दाबलं की बोट आत जाई असं. कुजका वास आला. क्लेमेंटीनने हातातली माती टाकून दिली. "गेली," ती म्हणाली. "देवा जेजू, गेली." आणि तिथेच थोटकावर ओणवी होऊन हमसाहमशी रडू लागली.

रोझलिन खणतच होती. थोटकाच्या कडेने, भिंतीच्या अंगाला, हळूहळू.

"वहिनी."

मातीतून पांढरंफेक टोक वर आलं होतं, सुरीसारखं निमुळतं. ब्लॉकला धडकून ते आडवं वळलं होतं आणि भिंतीच्या फटीकडे निघालं होतं. रोझलिनने बोटांनी माती सारली, खाली जाड, घट्ट गड्डा लागला. तिने तो आईपासून कोयत्याने बेताने तोडला, पांढऱ्या मुळांसकट उचलला आणि दोन्ही हातांनी जावेपुढे धरला.

"घे. ने आपल्या वाडीत."

क्लेमेंटीनने हात पुढे केले. आणि तिला आपली बाही दिसली. गाऊनच्या बाहीवर, काखेजवळच्या चुणीत, काळे बारीक ठिपके होते. त्यांतला एक चालत होता.

"मागे हो!" ती किंचाळली. "मागे हो रोझलिन, माझ्या अंगावर मावा आहे! अगं मी पानं ओढली गं, फवारा न मारलेली, आणि तशीच आले! इतका वेळ त्याच्यावर वाकले होते मी!"

ती उठून उलट्या पावलांनी मागे सरली, स्कूटरला अडखळली, थेट गेटबाहेर पळाली. पिल्लू छातीशी धरून रोझलिन तिथेच उभी होती.

"साबणाच्या पाण्याने धू त्याला!" क्लेमेंटीन रस्त्यापलीकडून ओरडली. "गड्डा, टोक, सगळं! वाडीत नाही न्यायचं ते. तिथे रोग आहे, नेलं की मरेल. तूच लाव!"

"कुठे लावू? इथे हे परत कापतील."

"गच्चीवर लाव! ड्रमात लाव! वर्षभर तरी सांभाळ. वाडी स्वच्छ झाली की मी मागायला येईन. देशील ना गं?"

रोझलिनने मुळांवरची वाळू झटकली.

"देईन की," रोझलिन म्हणाली. "कुठलं द्यायचं ते तेव्हा बघू."

क्लेमेंटीनने मान खाली घातली.

वालीवच्या कारखान्यातून स्टॅनीने आणलेला निळा ड्रम गच्चीवर होता. रोझलिनने पिल्लू धुतलं, नळाखाली पुन्हा धुतलं, वर नेलं. खाली रस्त्याच्या पलीकडे क्लेमेंटीन उन्हात उभी होती. गच्चीच्या कठड्यावरून जावेचं डोकं तेवढं दिसत होतं, पिल्लू दिसत नव्हतं. येणारे जाणारे तिच्याकडे बघत होते. तिने टॉवेल अंगाभोवती घट्ट आवळून घेतला होता, आणि मान वर करून ती ओरडत होती, "माती दाब गं! अजून दाब! हवा राहू देऊ नको!"