झडतीचं कारण

नायब तहसीलदार वर्षाराणी यांनी शेवटची फाईल बांधली तेव्हा त्यांचे डोळे चुरचुरत होते. दिवसभर शेतरस्त्यांच्या सुनावण्या झाल्या होत्या. दोन चुलतभाऊ त्यांच्या टेबलासमोरच एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते आणि त्यांना सोडवताना शिपायाचा चष्मा फुटला होता. आता पन्हाळ्यावरून खाली उतरायचं, कसबा बावड्यातलं घर गाठायचं आणि कुणाशी न बोलता पडून राहायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

तेवढ्यात बाहेर पोलिसांची जीप थांबली.

फौजदार अमरसिंह आत आले. त्यांचाही चेहरा उन्हानं रापून उतरला होता. "मॅडम, थोडकं काम हाय. एमडी पावडरीचा संशय हाय. तुमच्यासमोर झडती घ्यायची आणि तुमची सही, बस्स."

त्यांच्यामागं महिला कॉन्स्टेबल क्रांती उभी होती, आणि तिच्या शेजारी डोक्यावरून ओढणी घेतलेली पन्नाशीची एक बाई. तिचं नाव मलिका. शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापूरची. पन्हाळ्यावर सहलींचा सीझन सुरू झाला की ती रोज एसटीनं यायची आणि तीन दरवाज्याच्या वाटेवर बसून पत्र्याच्या ट्रंकेतल्या बांगड्या बायकांच्या हातात भरायची.

बाईनं स्वतःच अधिकाऱ्यासमोर झडती मागितलीय हे अमरसिंहांकडून कळल्यावर वर्षाराणींना थोडं आश्चर्य वाटलं. अशा कामासाठी त्यांना यापूर्वी दोनदा बोलावलं होतं, पण दोन्ही वेळा झडती होणाऱ्यानं स्वतः तशी मागणी केली नव्हती. अमली पदार्थांच्या संशयावरून कुणाच्या अंगाची झडती घ्यायची तर आधी त्याला सांगावं लागतं, की मॅजिस्ट्रेटसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती मागायचा तुम्हाला हक्क आहे. बहुतेक माणसं 'मला गरज नाही' अशा छापील ओळीखाली सही करून टाकतात. ओळीत काय लिहिलंय ते त्यांना वाचूनही दाखवत नाहीत. पण अमरसिंहांची मागची एक केस नेमकी याच मुद्द्यावर कोर्टात पडली होती. म्हणून आज त्यांनी मलिकाला सगळं नीट समजावून सांगितलं होतं, आणि ती म्हणाली होती, "व्हय, मला न्या मोठ्या साहेबाकडं."

"बसा," वर्षाराणी तिला म्हणाल्या.

मलिका बसली नाही. "उभीच बरी हाय मी."

"ट्रंक बघितली?" त्यांनी अमरसिंहांना विचारलं.

"बघितली की. बांगड्याच हायत. आता अंगावरचं बघायचं. क्रांती घेईल झडती, आतल्या खोलीत."

वर्षाराणींनी पेन हातात घेतलं. सही केली असती तर अर्ध्या तासात त्या घाटाखाली असत्या. पण मलिकाकडं त्यांची नजर गेली. ती आतल्या खोलीच्या दाराकडं बघत होती. दाराला कडी नव्हती.

"तुम्ही मोठ्या अधिकाऱ्याकडं न्या असं का म्हणालात?" वर्षाराणींनी विचारलं.

मलिका बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज चढला नाही.

"गेल्या साली मी वडापच्या जीपनं येत हुतो. रत्नागिरी रोडला पोलिसांनी थांबवली. सगळ्यास्नी खाली उतरवलं आणि मला एकटीलाच पत्र्याच्या शेडात नेलं. झडती घेणारी बाईच हुती, तसं न्हाय म्हणत मी. पण दार निम्मं उघडं. भाईर बापय उभं. ती म्हणली, काढ लवकर, लई टाइम न्हाय. काढलं. काय न्हाय गावलं. जावा म्हणले. भाईर आलो तर वडाप निघून गेलतं." तिनं ओढणी सारखी केली. "तवा मला कुणी सांगिटलं न्हाय, बाई असा तुजा हक हाय म्हणून. आज ह्या साहेबांनी सांगिटलं. म्हणून म्हणलो, न्या."

क्रांती खाली बघत होती. अमरसिंह म्हणाले, "ते आमच्या ठाण्याचं नव्हतं, मॅडम."

"मी तसं म्हटलं नाही." वर्षाराणींनी पेन खाली ठेवलं. "तुमच्याकडं कारण काय आहे ते सांगा."

"खबर हाय."

"खबर काय आहे?"

"पन्हाळ्यावर एक बांगडीवाली टुरिस्ट पोरांस्नी पुड्या देते म्हणून."

"नाव?"

"नाव न्हाय."

"वर्णन? वय? बसायची जागा?"

अमरसिंहांनी मानेवरचा घाम पुसला. "मॅडम, खबरी एवढंच बोलला. कुठलीतरी बांगडीवाली."

"पन्हाळ्यावर बांगडीवाल्या किती असतील?"

क्रांतीच हळूच म्हणाली, "पाच-सा तरी हायत, मॅडम."

"हिच्यावर नजर ठेवली होती का?"

"दुपारपासून ठेवली की."

"कुणी पोरगं आलं हिच्याकडं?"

"न्हाय. बायकाच आल्या."

"मग हीच का?"

"कुठनं तरी सुरुवात करायला पायजे का नको?" अमरसिंह पहिल्यांदाच चिडले. "पोरं मराय लागल्यात, मॅडम. वरनं रोज फोन येतोय, पुड्या कोण विकतंय, काय केलंसा? तुम्ही हितं बसून कारण विचारताय."

वर्षाराणींना राग आला नाही. त्यांच्या शेजारच्यांचा पृथ्वीराज, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला, याच पावडरीपायी तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात होता. त्याची आई रोज भिंतीपलीकडं रडायची ते त्यांना ऐकू यायचं. उद्या या बाईच्या कपड्यातून खरंच पुडी निघाली असती असं कळलं तर? हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. पण कायद्यानं त्यांना ते विचारलंच नव्हतं. कायद्यानं एवढंच विचारलं होतं, की झडतीला पुरेसं कारण दिसतं का. नसेल तर त्या माणसाला तिथल्या तिथं सोडायचं.

"मला कारण दिसत नाही," त्या म्हणाल्या. "मी तसं लिहून देते. मलिकाबाई, तुम्ही जाऊ शकता."

अमरसिंह खुर्चीत मटकन बसले. पण मलिका जागची हलली नाही.

"जाऊ? झडती न घेता?"

"हो."

"नको मॅडम. घ्या झडती."

वर्षाराणींना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"सगळ्या बाजारादेखत ह्यांनी मला जीपमधी बसवलं," मलिका म्हणाली. "चहावाला बघत हुता, घोडंवालं बघत हुतं. आता मी अशीच परत गेलो तर काय म्हणतील? पैसं चारलं आणि सुटली, म्हणतील. माझ्या हातात बाया हात देत्यात, मॅडम. नव्या नवऱ्या देत्यात. पावडरवालीच्या हातात कोण हात देईल? तुमच्यासमोर घ्या, दार लावून घ्या, आणि काय न्हाय गावलं म्हणून सांगा."

"कारण नसताना मला झडतीला परवानगी देता येत नाही."

"मी म्हणतोय की, घ्या म्हणून!"

"तुम्ही म्हणालात तरी."

मलिका तेव्हा बसली. रडली नाही, पण ओठ घट्ट मिटून ती फरशीकडं बघत राहिली. आपण हिला नेमकं काय दिलं, असं वर्षाराणींना वाटून गेलं. हक्क दिला, सुटका दिली, आणि तरी हिच्या हातात काहीच पडलं नव्हतं.

त्यांनी सावकाश सगळं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. मग अमरसिंहांना म्हणाल्या, "जिथनं उचललंत तिथं तुम्ही स्वतः हिला सोडा. आणि खाली उतरून सांगा, की आमच्याकडं हिच्याविरुद्ध काही नव्हतं."

"असं कुठं सांगत्यात का, मॅडम?"

"हा माझा हुकूम नाही. मला तसा अधिकारच नाही. मी तुम्हाला विनंती करतेय."

अमरसिंह उठले.

वर्षाराणींची गाडी जीपच्या मागंच निघाली. तीन दरवाज्याच्या वाटेवर दोन सहलींच्या बस उभ्या होत्या आणि पोरं कणसं खात होती. अमरसिंह खाली उतरले, चहाच्या टपरीपाशी गेले आणि म्हणाले, "ह्या मावशींचं काय न्हाय. आमचीच माहिती चुकली." बसच्या हॉर्नमध्ये निम्मं बोलणं बुडालं. चहावाल्यानं मान हलवली. त्याला पटलं की नुसतीच हलवली, ते वर्षाराणींना गाडीतून कळलं नाही. क्रांतीनं ट्रंक खाली उतरवून दिली, आणि मलिका तिथं न बसता ट्रंक डोक्यावर घेऊन सरळ स्टँडकडं चालायला लागली.

आठवड्याभरानं वर्षाराणींना वरून फोन आला. पोलिसांना सहकार्य करत चला, एवढंच आवाज न चढवता सांगितलं गेलं. त्यानंतर पन्हाळ्यावर झडत्या झाल्या, पण कुणालाही त्यांच्यासमोर आणलं गेलं नाही. त्यांनी एकदा क्रांतीला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आता सगळीच गरज न्हाय म्हणून सही करत्यात, मॅडम." पुड्या विकणारा उन्हाळ्यात सापडला. तो एका लॉजचा मॅनेजर निघाला. बांगड्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

मलिका पन्हाळ्यावर पुन्हा आली नाही. शाहूवाडीकडच्या वाड्यावस्त्यांवर ती दारोदार फिरते, असं क्रांतीनंच सांगितलं. तिथं तिला लहानपणापासून ओळखणारी माणसं आहेत. चालणं जास्त, कमाई कमी. "बरी हाय म्हणली," क्रांती म्हणाली, "पण गुडघं दुखत्यात म्हणली."

वर्षाराणींनी मान हलवली आणि पुढच्या सुनावणीचं नाव पुकारायला सांगितलं.