नऊ सेकंदांचे काका

दुपारी तीन वाजता कॅसेट लायब्ररीच्या मागच्या खोलीत, पडदे ओढून, तीस-चाळीस माणसं भुताचा सिनेमा बघत बसायची आणि भुताकडे कोणाचंच लक्ष नसायचं.

हडळ होतीही तशी बिचारी. टीव्हीसाठी घाईत काढलेला सिनेमा. चंद्र पुठ्ठ्याचा, आणि हडळीच्या मनगटावर काढून ठेवलेल्या घड्याळाचा फिकट वळ. लोक वाट बघायचे ती मधल्या अंधाराची. दर बारा मिनिटांनी टीव्हीचा पडदा काळा व्हायचा आणि त्यात ज्याचं त्याचं गेलेलं माणूस दिसायचं.

या कॅसेटी जुन्या मालात पडून होत्या, फुकटही कोणी नेत नव्हतं. आता कॅसेटवाल्याच्या आवाजाला वजन आलं होतं. “थेटरातली भुतं गर्दीला भेटतात,” तो सांगायचा. “टीव्हीचा सिनेमा घरच्यांसाठी काढलेला. त्यात घरचीच माणसं येतात.” अट एवढीच, की पुढच्या खुर्चीवर बसणाऱ्याने मृताचे कपडे आणि चष्मा घालावा, म्हणजे त्याला ओळख पटते. शिवाय पायाशी टेबललॅम्प, त्याला वाट दिसावी म्हणून. भिंतीतून आरपार येणाऱ्या आत्म्याला चाळीस वॉटचा बल्ब कशाला लागतो, असं मी विचारणार होते, पण मावशीने माझा हात दाबला.

मावशी हौसेने आली नव्हती. तिच्या मुलीला दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं. तिने जावं की नाही, हे वर्षापूर्वी वारलेल्या तिच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या काकांना, विचारायचं ठरलं होतं. काकांचा कोट, कानटोपी आणि जाड भिंगांचा चष्मा घालून मावशी खुर्चीवर बसली. पडदा काळा झाला आणि टीव्हीच्या काचेत काका उगवले. चेहरा लांबट, डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबण्या. खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला.

“मुलीने जावं का?” कॅसेटवाल्याने विचारलं.

काकांनी मान हलवली. नाही.

घरी माझ्या या मावसबहिणीने भरलेली बॅग रिकामी केली. बाबाच नको म्हणाले तर कोणाशी बोलायचं, एवढंच ती म्हणाली.

मला मात्र काकांच्या कोटाचा खिसा टोचत होता. तो छातीवर डावीकडे. म्हणजे आपल्याकडे तोंड करून बसलेल्या माणसाचा तो आपल्या उजव्या हाताला दिसायला हवा. काचेत तो डाव्या हाताला होता. असं फक्त आरशात होतं.

दुसऱ्या दिवशी मी घड्याळ लावून अख्खा सिनेमा पाहिला. प्रत्येक अंधार नऊ सेकंदांचा, आणि दर वेळी हडळ दार उघडणार त्याच क्षणी. ती जाहिरातींसाठी सोडलेली जागा होती. जिथे साबण यायचा, तिथे सासरे येत होते. (हडळीने दार उघडलं तेव्हा मी खुर्ची घट्ट धरली होती, हेही नोंदवून ठेवते.)

शनिवारी काकांचा कोट, टोपी, चष्मा घालून मीच खुर्चीवर बसले. मावशी आणि बहीण माझ्या मागे. पडदा काळा झाला. “आले,” मावशी पुटपुटली. कॅसेटवाल्याने तोच प्रश्न विचारला. मी मान डोलावली, काकांनीही डोलावली. मग मी जीभ बाहेर काढली. आयुष्यभर चारचौघांत साधी जांभईसुद्धा न दिलेल्या काकांनी साऱ्या खोलीला जीभ दाखवली.

मी वाकून लॅम्प बंद केला. काका गेले. पुन्हा लावला. काका आले. मागे कोणीतरी फिसकन हसलं. “आत्म्याची थट्टा बरी नव्हे,” कॅसेटवाला म्हणाला, पण तोवर लोक घरून आणलेल्या आपापल्या मृतांच्या चष्म्यांकडे बघू लागले होते.

मावशीने माझ्या डोक्यावरची कानटोपी काढून घेतली. “म्हणजे परवा नको म्हणत होते, ती मीच.”

“मग तसं म्हण ना, आई,” बहीण म्हणाली. “तुझ्याशी भांडता येईल मला. बाबांशी कशी भांडू?”

त्या दोघी रविवारभर भांडल्या. सोमवारी बहीण गेली. मावशी दोन दिवस कोणाशी बोलली नाही. पण तो रुसवा तिचा स्वतःचा होता.

अशा काळ्या काचा अजून पुष्कळ आहेत. एखादीत कोणी दिसलंच, तर आधी दिवा कुठे ठेवलाय ते बघा. आणि त्याने मान हलवली, तर जरा स्वतःच्या मानेला हात लावून बघा.